कागद वजा जाता

माझ्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर आजवर एकही टूल कशाला धडकलेलं नाही. तिथे हिरव्या रंगाचा जॉब असतो, पिवळं एंड मिल हवेतून अलगद उतरतं, कडेकडेने फिरतं, वर जातं, आणि खाली सगळं ठीक असल्याचा निर्वाळा येतो. मी प्रोग्रॅमर असल्यामुळे माझी केबिन वातानुकूलित आहे. ती वातानुकूलित असल्यामुळे तिचं दार बंद असतं. दार बंद असल्यामुळे बाहेर शॉपमध्ये काय धडकलं ते मला जरा उशिरा कळतं, आणि तेही बहुतेक वेळा चहावाल्याकडून.

याचं कारण असं की मी प्रोग्रॅम लिहितो तो लांबीच नसलेल्या टूलसाठी. ‘झेड उणे पाच’ असं मी लिहितो, तेव्हा टूलचं टोक जॉबच्या माथ्यापासून पाच मिलिमीटर खाली जावं एवढीच माझी अपेक्षा असते. ते टोक स्पिंडलपासून किती लांब आहे, याची चौकशी मी करत नाही. व्हीएमसीच्या, म्हणजे उभ्या मशीनिंग सेंटरच्या, मॅगझिनमध्ये वीस-चोवीस टूलं लटकलेली असतात. बुटकं फेस मिल, बोटभर एंड मिल, उगाचच लांब वाढलेलं ड्रिल. मशीनला यातलं काहीही दिसत नाही. १९५२ साली अमेरिकेत एमआयटीमध्ये आकड्यांच्या हुकमावर चालणारं मिलिंग मशीन पहिल्यांदा चारचौघांना दाखवलं गेलं. तेव्हापासून आजपर्यंत या यंत्रांना बरंच काही शिकवून झालं, पण आपल्या हातातलं हत्यार किती लांब आहे ते त्यांना अजूनही कोणीतरी सांगावं लागतं. ते सांगायची जागा म्हणजे ऑफसेटचं पान. तिथे प्रत्येक टूलसाठी एक रकाना असतो, आणि माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक टूल बदलल्यानंतर ‘जी ४३ एच ०१’ अशी एक ओळ असते. पहिल्या रकान्यात या टूलची जी काही लांबी लिहिली असेल ती हिशेबात धरा आणि मग मी सांगतो ते करा, असा तिचा अर्थ. रकान्यात काय लिहिलंय, कोणी लिहिलंय, शुद्धीत लिहिलंय का, हे मी बघत नाही. आपली जबाबदारी दुसऱ्यावर सोपवण्याचा इतका आटोपशीर आदेश मी दुसरीकडे पाहिलेला नाही. सरकारी पत्रव्यवहारात एवढ्याच कामाला निदान दीड पान लागतं.

तो दुसरा म्हणजे सेटर. आमच्याकडच्या ज्येष्ठ सेटरना सगळे काका म्हणतात. शेठही काकाच म्हणतात, आणि शेठ त्यांच्यापेक्षा वयाने मोठे आहेत.

टूलची लांबी सांगण्याच्या तीन पद्धती आहेत. गाण्यात असतात तशी ही घराणी आहेत. गुरू कोण यावर शिष्याचा सूर ठरतो आणि दुसऱ्या घराण्याचं गाणं कानाला बरं वाटलं तरी तसं कबूल करायचं नसतं. पहिलं घराणं टचवाल्यांचं. मशीन होमला न्यायचं, टूल तिथून खाली आणून थेट जॉबला टेकवायचं, आणि जेवढं अंतर खाली आलो तेवढं रकान्यात भरायचं. यांच्या पानावर सगळे आकडे उणे आणि भलेमोठे असतात. उणे ३१२.४५०, उणे २८७.११०, असे. शिकायला सोपं, समजायला सोपं, पण जॉबची उंची बदलली की सगळी टूलं पुन्हा टेकवत बसायची. भोसरीचं हे मूळ घराणं. दुसरं लांबीवाल्यांचं. टूलची खरी लांबी स्पिंडलच्या तोंडापासून मोजायची आणि अधिक चिन्हाने लिहायची. जॉब किती खाली आहे ते वेगळं, जी ५४ च्या खात्यात. जॉब बदलला की एकच आकडा बदलायचा. चाकणच्या मोठ्या कंपन्यांत वर्षं काढलेली माणसं या घराण्याची, आणि ती बोलताना ‘गेज लाईन’ हा शब्द असा उच्चारतात की समोरच्याने आपोआप पाय सरळ करून उभं राहावं. तिसरं घराणं मास्टर टूलवाल्यांचं. एक टूल शून्य मानायचं आणि बाकीची त्याच्यापेक्षा किती लांब किंवा आखूड, तेवढाच फरक लिहायचा. हे गणित फार देखणं असतं. मास्टर टूल तुटेपर्यंत. ते तुटलं की उरलेली सगळी टूलं पोरकी होतात, आणि ते शून्य ज्याने ठरवलेलं असतं तो माणूस त्या दिवशी हमखास गावी जत्रेला गेलेला असतो.

तिन्ही पद्धती बरोबर आहेत. भांडण होतं ते एकाच मशीनवर दोन घराणी आली की. फर्स्ट शिफ्टचा टचवाला रकान्यात उणे ३१२ ठेवून घरी जातो. सेकंडचा लांबीवाला येतो, जी ५४ मध्ये जॉबचा झेड रिकामा बघून हळहळतो आणि तिथेही उणे ३०० च्या आसपास काहीतरी भरतो. मशीन दोन्ही मनापासून मानतं आणि बेरीज करतं. आपल्याला खाली सहाशे मिलिमीटर जायचंय, असं त्याला वाटतं. टेबलाच्या खाली, पायाच्या खाली, पावसाळी गटाराच्या जवळपास. नशीब चांगलं असेल तर आधीच ओव्हरट्रॅव्हलचा अलार्म वाजतो. तेव्हा अलार्मची पाटी उजळते आणि दोघेही मशीनला नावं ठेवतात.

आता मुळात ही लांबी मोजायची कशी? जगाने यावर पुष्कळ डोकं लढवलं आहे. मशीनबाहेर ठेवून मोजायचे प्रीसेटर आहेत, टेबलावर ठेवायचे पन्नास मिलिमीटरचे झेड सेटर आहेत, टूल नुसतं टेकलं की इशारा देणारे प्रोब आहेत. आणि तरी भोसरीत, साताऱ्यात, सातपूरला, शिरोलीला, वाळूजला जगाचा गाडा चाललाय तो कागदावर.

जॉबवर कागदाचा कपटा ठेवायचा. एका हाताने तो पुढे-मागे सरकवत राहायचं, दुसऱ्या हाताने हँडव्हील फिरवत टूल खाली आणायचं. कागद अडला की थांबायचं. झेरॉक्सचा साधा कागद एक दशांश मिलिमीटर, म्हणजे सुमारे शंभर मायक्रॉन जाड असतो. ड्रॉइंगवर मागितलेली अचूकता असते वीस मायक्रॉन. शंभर मायक्रॉनच्या कागदाने वीस मायक्रॉनचं काम करायचं, आणि वाईट याचं वाटतं की ते जमतं. काकांच्या बोटांत कागदाच्या अडण्याच्या चार पायऱ्या आहेत. हलका, अडता, घट्ट आणि फाटला. पैकी ‘अडता’ आणि ‘घट्ट’ यांच्यामधला फरक ते मायक्रॉनमध्ये सांगतात. मी एकदा डायल लावून पडताळा घेतला, तर माझा डायल सैल निघाला.

कागद कुठला, हाही मोठा विषय आहे. झेरॉक्सचा चालतो. डिलिव्हरी चलनाची गुलाबी प्रत पातळ असते, ती मऊ हाताच्या लोकांना आवडते. वर्तमानपत्राचा कागद कूलंटमध्ये भिजतो आणि भिजला की खोटं बोलायला लागतो. कॅलेंडरचा गुळगुळीत कागद निसटतो. एका ट्रेनीने सहामाही तपासणीच्या फॉर्मचा तुकडा वापरला होता. फॉर्म शोधताना क्वालिटीवाल्यांचा दिवस गेला. आणि मग येतो तो सनातन प्रश्न: कागद वजा केला का? काही जण रकान्यात भरतानाच शंभर मायक्रॉन वजा करतात. काही मनात धरतात. काही ‘ते नंतर बघू’ या खात्यात टाकतात. फर्स्ट शिफ्टने वजा केलेला कागद सेकंड शिफ्टनेही भलेपणाने वजा केला की टूल दशांशभर जास्त खाली जातं. काळजी दोघांनीही घेतलेली असते, त्यामुळे रागवायचं कोणावर ते सुपरवायझरला सुचत नाही.

या सगळ्यात हँडव्हील हे सर्वांत दगाबाज. त्याला तीन वेग. एका टिचकीला एक मायक्रॉन, दहा मायक्रॉन किंवा शंभर मायक्रॉन. कागद अडायला आला असताना वेग शंभरवरच राहिला, की पुढच्या टिचकीला टूल कागदाच्या पार होऊन जॉबला भेटतं. त्याहून वाईट म्हणजे टेकलेलं टूल वर घ्यायचं म्हणून चाक फिरवावं आणि ते उलट्या दिशेने फिरावं. काका नव्या पोरांना सांगतात, “खाली येताना हात घाबरलेला पाहिजे.” स्वतः मात्र ते खाली येतच नाहीत. दहा मिलिमीटरच्या ड्रिलची गुळगुळीत दांडी जॉबवर आडवी ठेवायची, टूल दहाच्या आत खाली ठेवून बाजूला उभं करायचं आणि हळूहळू वर घेत राहायचं. ज्या क्षणी दांडी टूलखालून गडगडत निघून जाते, तिथे थांबायचं आणि दहा हिशेबात धरायचे. “वर जाताना कोणी कोणाला मारत नाही,” असं त्यांचं म्हणणं आहे. एवढी शहाणी पद्धत पोरांना आवडत नाही. तिच्यात वेळ जातो आणि धोका नसल्यामुळे मजा येत नाही.

प्रीसेटर आमच्याकडे आहे. तो एका वेगळ्या खोलीत, ग्रॅनाइटच्या ओट्यावर, कव्हरखाली असतो. खोलीची किल्ली शेठच्या ड्रॉवरमध्ये. कस्टमरचं ऑडिट असलं की तो उघडतो, त्याचा दिवा लागतो, एक होल्डर त्याच्यात फिरतो आणि पाहुणे माना डोलावतात. एरवी वापर का नाही, असं मी सुपरवायझरला विचारलं. “बिघडला म्हणजे?” असं त्याने मलाच विचारलं. खंडेनवमीला मात्र त्याचं कव्हर निघतं. त्याला झेंडूचा हार, हळद-कुंकू, पेढा. त्या दिवशी शॉपमधली सगळी मशीनं पूजेला बसलेली असतात, स्पिंडलला माळा असतात आणि काकांचा तो दहाचा ड्रिलही एका ताटात, फुलाखाली, इतर हत्यारांच्या मानाने जरा मधोमध ठेवलेला असतो.

लांबी एकदा घेतली की काम संपलं, असा समज फक्त माझ्यासारख्या केबिनवाल्यांचा असतो. एंड मिलची धार गेली, कॉलेट सैल केला, नवं एंड मिल घातलं, की लांबी बदलली. ऑपरेटर मात्र “तेवढंच बाहेर ठेवलंय, साहेब” असं सांगतो, आणि ‘तेवढंच’ हे त्याने अंगठ्याने मोजलेलं असतं. होल्डर आणि स्पिंडल यांच्यामध्ये बारीकशी चिप अडकली की पुन्हा लांबी बदलली. म्हणून जाणते लोक होल्डर चढवण्याआधी त्याची निमुळती बाजू तळहाताने पुसतात, फडक्याने नाही, कारण फडक्यातच चिपा असतात. आणि काहीही केलं नाही, नुसतं चैत्रातलं ऊन पत्र्यावर पडलं, तरी लांबी बदलते. पोलादाचं दीडशे मिलिमीटरचं टूल आणि होल्डर दहा अंशांनी तापले तर सतरा-अठरा मायक्रॉन वाढतात. स्पिंडल तर स्वतःही तापतो. यासाठी सकाळी मशीन रिकामं फिरवून गरम करायचा एक छोटा प्रोग्रॅम असतो. तो रोज न चुकता लावला जातो, कारण तेवढ्या वेळात कॅंटीनला जाऊन येता येतं.

या बारीकसारीक चुका निस्तरायला ऑफसेटच्या पानावर दुसरा रकाना असतो. वेअरचा. टूल झिजलं की तेवढा फरक तिथे भरायचा, मूळ लांबीला हात लावायचा नाही, अशी त्याची कल्पना. प्रत्यक्षात शॉपमधलं जे काही कोणालाच कबूल करायचं नसतं, ते सगळं तिथे जातं. कागदाची जाडी तिथे, तापलेला स्पिंडल तिथे, वाकडा बसलेला जॉब तिथे, आणि मागच्या ऑर्डरच्या वेळी कस्टमरने तोंडी मागितलेले दोन शतांशही तिथेच, ऑर्डर संपून कस्टमर बदलला तरी. नवं कोरं, अजून एक चिपही न काढलेलं एंड मिल वेअरच्या रकान्यात अर्धा मिलिमीटर झिजलेलं दिसतं. कोणी विचारलं तर उत्तर तयार असतं: “राहू द्या. त्याच्यावर पीस ओके येतोय.”

खरा थरार आहे तो आकडा भरण्याच्या कळीत. फॅनकच्या पॅनेलवर ‘इनपुट’ आणि ‘+इनपुट’ अशा दोन कळा शेजारी शेजारी असतात. पहिली कळ जुना आकडा पुसून नवा लिहिते, दुसरी जुन्यात मिळवते. समजा टूलची लांबी १४२.३१० आहे आणि त्यातून दोन शतांश कमी करायचेत. उणे ०.०२ लिहिलं आणि +इनपुट दाबलं, तर १४२.२९० होतं आणि आपण जेवायला मोकळे. इनपुट दाबलं, तर रकान्यात उणे ०.०२ उरतं. म्हणजे मशीनच्या मते टूल नाहीसं झालं. मग ते स्पिंडलचं नाकच जॉबवर घेऊन यायला निघतं, आणि मध्ये तब्बल १४२ मिलिमीटरचं टूल आहे, हे त्याला कोणी सांगितलेलं नसतं. दशांश चिन्ह विसरलं तरी तेच. बऱ्याच पॅनेलांवर नुसतं १४२ लिहिलं की ते ०.१४२ धरलं जातं. कोट्यवधींच्या हिशेबात एक टिंब इकडचं तिकडे झालं तर बँकेत निदान चौकशी तरी बसते. इथे थेट निकाल लागतो.

तिसरा प्रकार एचचा. पाचव्या टूलला पाचवा रकाना, हा नुसता संकेत आहे. मशीनचा तसा आग्रह नाही. जुन्या प्रोग्रॅमची नक्कल करताना टूलचा नंबर बदलला आणि एच तसाच राहिला, तर पाचवं लांब ड्रिल चौथ्या बुटक्या टूलच्या लांबीवर विश्वास ठेवून खाली येतं. मशीन कुरकुरत नाही. ते जॉबमधून, पॅरललमधून, वाईसमधून व्यवस्थित, ठरल्या फीडने, कूलंट चालू ठेवून भोक पाडतं. कुठल्याही वर्कशॉपची खरी वंशावळ पाहायची असेल तर ऑफिसातली सर्टिफिकेटं बघू नयेत, वाईस बघावा. जुना वाईस असेल तर त्यावर वेगवेगळ्या मापांची भोकं असतात, काही पार, काही अर्धवट, जिथे कोणीतरी वेळेत इमर्जन्सी दाबली ती. नवा माणूस आला की त्याला ती सगळी कशी पडली ते सांगितलं जातं, आणि प्रत्येक भोक पाडणारा आता कुठल्यातरी दुसऱ्या कंपनीत साहेब झालेला असतो.

धडक झाली की शॉपमधली बाकीची मशीनंही थांबल्याचा भास होतो. मग सगळे चालत येतात, धावत कोणी येत नाही. धावणं म्हणजे संबंध असल्याची कबुली.

“काय झालं रे?”

“काही नाही. टूल गेलं.”

“झेड कोणी घेतला होता?”

इथे नाईट शिफ्टचा जन्म झाला. नाईट शिफ्टवाला यावेळी घरी झोपलेला असतो आणि झोपलेल्या माणसासारखा दुसरा गुन्हेगार नाही.

हे सगळं एमआयडीसीतच होतं असं ज्यांना वाटत असेल, त्यांनी जरा वर बघावं. १९९० साली हबल दुर्बीण अवकाशात गेली आणि चित्रं धुरकट यायला लागली. चौकशीत निघालं की २.४ मीटरचा मुख्य आरसा अतिशय अचूक घासला होता, फक्त चुकीच्या आकारात. कडेला सुमारे दोन मायक्रॉन जास्त सपाट. का? तर आरशाचा आकार तपासणाऱ्या उपकरणातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसलं होतं. त्या भिंगाचं अंतर एका मोजदांडीने ठरवायचं होतं. दांडी इन्व्हारची, म्हणजे तापमानाने जवळजवळ न वाढणारी. एवढी काळजी घेतलेली. दांडीच्या टोकावर बारीक भोक असलेली टोपी होती. प्रकाश भोकातून जाऊन दांडीच्या टोकावर पडावा, टोपीवरून परत फिरू नये म्हणून टोपीला काळा रंग दिलेला. तो रंग एका जागी टवका उडून गेला होता. प्रकाश टोपीवरूनच परत आला. थोडक्यात, टच जॉबवर द्यायचा तो टोपीवर दिला गेला, आणि टोपी वजा करायची राहिली. पुढे भिंग मोजलेल्या जागी जाईना, तेव्हा खाली वॉशर घालून ते बसवण्यात आलं.

मी ही हकिकत काकांना सांगितली. वॉशरपर्यंत ते गंभीर होते. वॉशर ऐकल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर असा काही आपलेपणा पसरला की अमेरिकेबद्दलचं त्यांचं मत त्या क्षणी सुधारलं असावं. पुढचं तर त्यांना आणखी आवडलं. आरसा चुकतोय असं दुसऱ्या दोन उपकरणांनी आधीच दाखवलं होतं, पण पहिलं उपकरण सर्वांत अचूक म्हणून या दोघांचं कोणी ऐकलं नाही. “म्हणजे क्यूसीला सांगितलं, तुमचा गेज खराब आहे,” काका म्हणाले.

“आणि मग आरसा बदलला?”

“कसा बदलणार, काका? वर फिरत होता. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीर गेले आणि बरोबर तेवढीच चूक उलट्या चिन्हाची असलेले आरसे बसवून आले. चित्रं स्वच्छ.”

काकांनी कूलंटचे हात पुसले. “वेअरमध्ये टाकलं,” ते म्हणाले.

आता होल्डरमध्येच इलेक्ट्रॉनिक चिप बसवायची सोय आली आहे. प्रीसेटरवर मोजलेली लांबी चिपमध्ये लिहिली जाते, मशीन ती स्वतः वाचतं आणि रकान्यात भरतं. मध्ये माणूस नाही, कागद नाही, कुठली कळ दाबायची हा प्रश्न नाही. एका विक्रेत्याने आमच्या कॉन्फरन्स रूममध्ये याचं प्रात्यक्षिक दिलं. शेठ प्रभावित झाले, मी तर फारच झालो, कारण त्याच्या पडद्यावरही हिरवा जॉब आणि पिवळं टूल होतं. काका मागे खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत होते. शेवटी त्यांनी हात वर केला.

“चिपमधला आकडा आमच्या पानावर दिसणार का?”

“दिसणार ना, काका. लगेच.”

“आणि शेजारी तो वेअरचा रकाना?”

“आहे की. त्यात ऑपरेटरला हवा तो आकडा भरता येतो, काही बंधन नाही.”

काका माझ्याकडे वळले.

“घेऊन टाका, साहेब. चांगली वस्तू आहे.”